फाइल आत, रुग्ण बाहेर

कॅन्सरच्या ओपीडीत पुष्कळदा रुग्णाच्या आधी त्याची फाइल आत जाते. फाइलबरोबर थोरला मुलगा असतो, एखादा जावई असतो, आणि गावातला 'हॉस्पिटलची माहिती असलेला' एक माणूस असतो. रुग्ण बाहेर बाकावर. आतलं बोलणं साधारण असं चालतं:

"डॉक्टरसाहेब, दादांना काही सांगू नका. लई हळवे आहेत. ऐकलं तर हाय खातील."

"त्यांना काय झालंय म्हणून सांगितलंय तुम्ही?"

"गाठ आहे म्हटलं. इन्फेक्शनची."

"आणि ते काय विचारतात?"

"पेरणीच्या आत घरी जाता येईल का, एवढंच विचारत्यात."

मुलाला वाटतं, वडिलांना काही कळलेलं नाही. पण जबड्यातली गाठ गळ्यापर्यंत उतरली आहे, तोंड दोन बोटंही उघडत नाही, शेजारच्या बाकावरच्या माणसाचा अर्धा जबडा काढलेला समोर दिसतो आहे. अशा जागी बसून जो माणूस पेरणीचं विचारतो, तो आपल्या हातात किती दिवस आहेत हेच विचारत असतो. फक्त त्याने आपल्या कामाच्या हिशेबाने विचारलेलं असतं. डॉक्टरला उत्तर द्यायचं तर सुरुवात इथूनच करता येईल. पण बाहेर पन्नास फाइली थांबलेल्या असतात. मग तीन आठवड्यांनी या, तेव्हा दुसरं औषध सुरू करू, असं ठरतं. रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याबद्दलचा एक मोठा निर्णय त्या दहा मिनिटांत झालेला असतो आणि ज्याचा तो निर्णय, तो खोलीतही नसतो.

'खेड्यातली माणसं अडाणी, त्यांना काय समजणार' हे स्पष्टीकरण इथे फार सहज दिलं जातं. आरोग्यसाक्षरता म्हणजे अक्षरओळख नव्हे. आपल्या शरीरात काय चाललं आहे याची माहिती मिळवणं, ती समजून घेणं, न समजलं तर विचारणं आणि त्यावरून काय करायचं ते ठरवणं, हे सगळं त्यात येतं. यातलं निम्मं काम सांगणाऱ्याचं असतं. केमोच्या कागदावर बऱ्याचदा इंग्रजीत एक ओळ असते: उपचाराचा उद्देश पॅलिएटिव्ह. म्हणजे आजार बरा होणार नाही हे धरून, त्रास कमी व्हावा, जमलं तर आयुष्य थोडं वाढावं, एवढ्यासाठी हे औषध आहे. त्याच कागदाखाली मुलाची सही किंवा अंगठा असतो. फाइलमधली सर्वांत महत्त्वाची ओळ घरात कुणाला वाचता येत नाही आणि ती वाचून दाखवणं हे कुणाचंच काम नसतं.

खेड्याला समजत नाही, या समजाला खोटं ठरवणारा पुरावा महाराष्ट्रातच आहे, आणि तो चांगला जुना आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं तिच्यात होती. शहरात अशी नोंदणी हॉस्पिटलच्या दप्तरातून होते. इथे माणसं हॉस्पिटलपर्यंत पोचतच नव्हती, तर दप्तरात कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कर्मचारीच गावोगाव फिरू लागले. पाळी गेल्यानंतर अंगावरून जातंय का, तोंडात न भरणारी जखम आहे का, छातीत गाठ लागते का, हे विचारायचं, त्याचा अर्थ काय असू शकतो ते सांगायचं आणि शंका आली की बाईला किंवा बाप्याला तपासणीला आणायचं. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते आकड्यांसकट प्रसिद्ध केलं. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नव्हतं. ओळखीचा झालेला माणूस पुन्हा पुन्हा गावात येत होता आणि समजेल असं बोलत होता.

त्याच मुलखात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ मध्ये त्याहून मोठा प्रयोग सुरू झाला. खेड्यांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही समूहांत एचपीव्ही या विषाणूची एकदाच तपासणी केली, काहींत इतर पद्धती वापरल्या, काहींत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. २००९ मध्ये निकाल छापून आला तेव्हा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जगभरच्या धोरणांत आज हा अभ्यास उद्धृत होतो. तो शक्य झाला तो या पट्ट्यातल्या, बहुतेक शेतमजुरी करणाऱ्या बायकांनी समजून घेऊन तपासणीला होकार दिला म्हणून.

मग अडतं कुठे? मला वाटतं, आपण खेड्याला 'लवकर या' एवढंच शिकवलं. भिंतीवरच्या घोषणा, आशाताईंची फेरी, तोंडाच्या तपासणीचं शिबिर, सगळं 'लवकर' साठी आहे. उशीर झाला असेल तर काय करायचं, याबद्दल एक चकार शब्द नाही. आणि गावाकडून येणाऱ्या रुग्णांत उशीर झालेले फार असतात. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यावर आधी गावचा डॉक्टर, मग दाताचा डॉक्टर, मग कुणीतरी सांगितलेला झाडपाला, मग 'तुकडा काढला की पसरतो' या भीतीत गेलेले दोन महिने. पोचेपर्यंत गाठ तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात असते.

उशिराच्या टप्प्यातलं हे अज्ञान शिकलेल्यांतही तेवढंच आहे. अमेरिकेत २०१२ साली १,१९३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा आजार चौथ्या टप्प्यातला आणि सगळ्यांनी केमो घेतलेली. ही केमो आपल्याला बरं करण्याची शक्यता नाही, हे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के रुग्णांना उमगलेलं नव्हतं. आपले डॉक्टर फार छान बोलतात असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यात हा गैरसमज जास्त होता. गोड बोलणाऱ्या डॉक्टरकडून वाईट बातमी धड पोचत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. तेव्हा लातूरचा एखादा शेतकरी 'सहा केमो झाल्या की कॅन्सर निघून जाणार' असं म्हणत असेल, तर त्याच्या शाळेचा दाखला तपासण्यात काही हशील नाही.

समजावून सांगायचं म्हणजे नेमकं काय, ते तोंडाच्या कॅन्सरवरून पाहू. मिश्री, मावा, गुटखा यांच्या कृपेने हा आपल्याकडचा हुकमी आजार. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती किती आहे ते कुठल्याही पानटपरीवर कळतं. आजार ऑपरेशनच्या पलीकडे गेला की शिरेतून सिस्प्लॅटिन देण्याची रीत होती. तीन आठवड्यांनी एकदा दवाखान्यात यायचं, सलाईन, उलट्या, मूत्रपिंडाची काळजी. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने ४२२ रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना सिस्प्लॅटिन, निम्म्यांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या, घरी बसून घ्यायच्या. २०२० मध्ये निकाल आला. सिस्प्लॅटिनवाल्यांचं मध्यक आयुष्य ६.१ महिने होतं, गोळ्यांवाल्यांचं ७.५ महिने. गंभीर त्रासही गोळ्यांवर कमी झाला.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे, स्वस्त आणि घरी घेता येणारा उपचार महागाहून कमी दर्जाचाच असेल असं नाही. दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. दोन्ही बाजूंना हिशेब महिन्यांचा आहे. रुग्णाच्या घरच्यांना हे ठाऊक असेल तर ते वेगळे प्रश्न विचारतील. गावाहून परळच्या टाटाला दर तीन आठवड्यांनी यायचं, सोबत दोघांनी यायचं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथारी पसरायची. हे त्या महिन्यांतल्या किती दिवसांच्या बदल्यात? महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो, आरोग्यमित्र कागद करून देतो, रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते (तिचा फॉर्म हॉस्पिटलातून भरून घ्यावा लागतो, हे अनेकांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळतं). पण बुडालेली मजुरी, सोबतच्यांचं खाणं-राहणं, जीपचं भाडं हे कुठल्याही पॅकेजात पुरतं बसत नाही. त्यासाठी म्हैस विकली जाते. म्हैस विकणाऱ्या मुलाची समजूत असते की आपण बापाचा जीव विकत घेतोय. 'हिशेब काही महिन्यांचाच आहे' असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सांगूनही तो विकेल, अनेकजण विकतील. पण मग तो त्याचा निर्णय असेल.

हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्याचंही तसंच. लाइट, म्हणजे रेडिएशन, दिल्यावर अशा दुखण्याला चांगला उतार पडतो. दहा दिवस रोज येऊन लाइट घेणं आणि आठ ग्रेचा एकच मोठा डोस एका दिवसात घेणं, दोन्हींत दुखणं सारखंच कमी होतं, हे अनेक चाचण्यांत दिसून आलं आहे. काहींना एका डोसनंतर पुढे पुन्हा लाइट लागतो, एवढाच फरक. जत किंवा अक्कलकोटहून येणाऱ्या माणसाला ही माहिती कुठल्याही नव्या औषधापेक्षा मोलाची आहे. ती त्याने मागावी अशी अपेक्षा मात्र चुकीची. असं काही असतं हे त्याला कळणार कसं?

उपचार थांबवायचे म्हटलं की घरच्यांना वाटतं, आपण हात टेकले. डॉक्टरांनाही तसंच वाटत असावं, कारण तेही 'आता घरी न्या, सेवा करा' एवढं म्हणून फाइल मिटतात. इथे आणखी एक अभ्यास आठवावा लागतो. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासूनच पॅलिएटिव्ह टीमची जोड दिली. त्यांचं मन जास्त स्वस्थ राहिलं, शेवटच्या दिवसांत त्यांनी जोरकस उपचार कमी घेतले आणि तरीही ते जास्त जगले: ११.६ महिने, तर इतर ८.९ महिने. २०१० साली हे छापून आल्यावर पॅलिएटिव्ह म्हणजे आशा सोडणं, या समजाला फारसा आधार उरला नाही. आपल्या जिल्ह्यांच्या गावी मात्र ही टीम पहिल्या दिवशी तर सोडाच, शेवटच्या दिवशीही भेटणं मुश्कील.

आता सांगायचं कसं, हा प्रश्न. मुलाची विनंती झिडकारून रुग्णाच्या तोंडावर टप्पा आणि महिने फेकणं हा त्यावरचा इलाज नव्हे. जाणते डॉक्टर मुलाला आधी विचारतात, तुम्हाला कशाची भीती वाटते? मग रुग्णाला आत बोलावून विचारतात, "दादा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" आणि नंतर, "तुमच्या आजाराचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोललो तर चालेल?" काहीजण खरंच म्हणतात, पोराशी बोला. तोही त्यांचाच निर्णय झाला. पण पुष्कळजण म्हणतात, मला सांगा. आणि सांगितल्यावर ते विचारतात ते व्यवहाराचं असतं. सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या नावावर राहील? सातबाऱ्यावर भावाचं नाव अजून आहे, ते मिटवून घ्यायला वेळ आहे का? धाकटीचं लग्न दिवाळीनंतर ठरलंय, अलीकडे घ्यावं का? 'हाय खाईल' म्हणून ज्याला अंधारात ठेवलं, तो माणूस मेल्यावर हेच प्रश्न घरात भांडणं होऊन उभे राहतात. मृत्युपत्र नाही, वारसनोंद अडकलेली, आणि कुणाकडून किती येणं होतं ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

रुग्ण बाई असली की तिला विचारण्याची पद्धतच नाही. नवरा, दीर, मुलगा आणि कधी माहेरचे भाऊ यांच्यात बोलणं होतं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर वाढून लघवी सतत गळू लागली, वास येऊ लागला की तिची खाट पडवीत जाते आणि आणखी उपचार करायचे की नाही हे खर्चाच्या चर्चेत ठरतं. तिला काय हवंय? बहुतेकदा अंघोळ हवी असते, दुखायचं थांबायला हवं असतं आणि नातवाला जवळ घ्यायचं असतं. घरच्यांनी कॅन्सर लागतो म्हणून त्याला लांब ठेवलेलं असतं. कॅन्सर शिवून लागत नाही, हे एक वाक्य कुणी चारचौघांत खणखणीतपणे सांगितलं तर तिचे उरलेले महिने बदलतात. आरोग्यसाक्षरतेचं इतकं स्वस्त उदाहरण दुसरं नसेल.

घरी न्या म्हटल्यावर घरी नेमकं काय असतं, तेही बघायला हवं. सर्वांत पहिलं, दुखणं. कॅन्सरचं तीव्र दुखणं मॉर्फिनच्या गोळीने बहुतांश रुग्णांत आटोक्यात येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनाशामकांची पायरी-पायरीने चढत जाणारी पद्धत घालून दिली आहे. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची, दुखण्याची वाट न पाहता, घड्याळ लावून. रात्रीचा डोस अनेकदा दुप्पट देतात म्हणजे झोप मोडत नाही. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून. मळमळ आणि गुंगी चार-पाच दिवसांत ओसरते. दुखण्यासाठी नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य घटत नाही आणि माणूस व्यसनी होत नाही. 'मॉर्फिन म्हणजे शेवटचं इंजेक्शन' ही समजूत मात्र गावातल्या लोकांइतकीच काही डॉक्टरांच्याही डोक्यात घट्ट बसलेली आहे.

मॉर्फिन येतं अफूपासून आणि अफूची कायदेशीर शेती तर आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होते. नीमचला सरकारी कारखाना आहे. तरी बीड किंवा नंदुरबारच्या रुग्णाला गोळी मिळणं अवघड. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने इतके परवाने मागितले की दुकानांनी आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. त्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त संस्था म्हणून राज्याच्या औषध प्रशासनाकडून एकदा मंजुरी घेतली की दवाखान्याला मॉर्फिन ठेवता येतं. कागदावर वाट मोकळी झाली. पण अर्ज करायला कुणीतरी डॉक्टर लागतो, मॉर्फिन द्यायचं शिकलेला, आणि तो तालुक्याला बहुधा नसतो.

दुसरं, जखम. गालातून बाहेर फुटलेल्या कॅन्सरचा वास इतका असतो की जेवण घेऊन आलेली सूनही तोंडाला पदर लावते. पावसाळ्यात माशा बसतात, अळ्या होतात. घरच्यांना वाटतं, आता संपलं. कुणी म्हणतं, मागच्या जन्मीचं पाप. ही जखम कशी सांभाळायची ते कुठल्याही पॅलिएटिव्ह नर्सला माहीत असतं. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून धुवायची, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून वर भुरभुरायची. वास दोन-चार दिवसांत कमी होतो. अळ्यांसाठी कडेला टर्पेंटाइनचा बोळा धरायचा, त्या बाहेर येतात, मग चिमट्याने काढायच्या. सगळं मिळून खर्च फारच थोडा. नाकातल्या नळीतून गाळलेली पेज, वरणाचं पाणी, दूध देता येतं. दर वेळी नंतर थोडं साधं पाणी सोडायचं म्हणजे नळी तुंबत नाही. हे दाखवायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास न मिळाल्यामुळे माणूस शेवटचे दोन महिने गोठ्याशेजारी काढतो.

असे अर्धे तास देणाऱ्या जागा आहेत. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं आणि तिथे घरच्यांनाही शिकवतात. पण जागा शहरात आणि मरण गावात, ही गोम आहे. केरळने ती वेगळ्या रीतीने सोडवली. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी छोटी संस्था काढली, त्यातून वस्तीवस्तीतले स्वयंसेवक तयार झाले, आणि २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण करून ते काम पंचायती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडलं. नर्स घरी येते, मॉर्फिन घेऊन येते. आपल्याकडे आशाताई प्रत्येक गावात आहे, आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. माणसं आहेत, त्यांच्या पिशवीत या कामाचं काही नाही.

शेवटच्या निर्णयांची चर्चा आपल्याकडे झाली ती न्यायालयात. टाटा हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावरच्या केईएममध्ये तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर जवळपास ४२ वर्षं पडून होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निष्क्रिय दयामरणाचा दरवाजा किलकिला केला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य झालं. प्रक्रिया इतकी किचकट होती की २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर महाराष्ट्रात हे कागद जपून ठेवणारे अधिकारी नेमले गेले. गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र करून सुरुवात करून दिली.

हे महत्त्वाचंच आहे, पण हा सगळा कायदा अतिदक्षता विभागातल्या बेशुद्ध रुग्णासाठी आहे. व्हेंटिलेटर काढायचा का, हे ठरवायला दोन वैद्यकीय मंडळं लागतात. खेड्यातला कॅन्सरचा रुग्ण व्हेंटिलेटरपर्यंत क्वचितच जातो. तो बहुधा शेवटच्या काही दिवसांपर्यंत शुद्धीवर असतो. आणि शुद्धीवर असलेल्या, समजत असलेल्या प्रौढ माणसाला कुठलाही उपचार नाकारायचा पूर्ण हक्क आहे. त्यासाठी नोटरी नको, मंडळ नको. पवनारला नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी औषध आणि अन्न नाकारलं तेव्हा त्यांना ते स्वतःच सांगता आलं, कारण त्यांना कुणी बाहेर बाकावर बसवलेलं नव्हतं.

गावातला शेवटचा निर्णय बहुतेक वेळा सलाईनचा असतो. माणसाने खाणं सोडलंय, पाणीही गिळत नाही, घशात घरघर लागली आहे, पाहुणे जमलेत. कुणीतरी म्हणतं, निदान सलाईन तरी लावा. गावचा डॉक्टर मोटरसायकलवर येतो, बाटली लावतो, पैसे घेऊन जातो. शरीर आवरत आलेलं असतं तेव्हा ते पाणी त्याला झेपत नाही. पायांवर सूज चढते, छातीत पाणी साठतं, घरघर वाढते. घरघर म्हणजे गिळता न आलेली लाळ घशात साठलेली असते. ऐकणाऱ्याला ती जितकी सोसवत नाही, तितका त्रास बहुधा त्या माणसाला होत नसतो. त्याला कुशीवर वळवायचं, ओठ आणि जीभ ओल्या फडक्याने भिजवत राहायची, तोंडात दोन थेंब पाणी आणि तुळशीपान ठेवायची रीत आहे ती करायची. तहान भागायला एवढं पुरतं. हे पाहुण्यांसमोर नर्सने किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने येऊन सांगितलं तर घराला ते मानवतं. मुलाने एकट्याने सलाईनला नको म्हटलं, तर त्याने पैसे वाचवले असं तेराव्यापर्यंत गावभर होतं. म्हणून तोही बाटली आणायला सांगतो.